करंज पिणाऱ्या इंजिनाचे धनी

देश स्वतंत्र झाला त्या दिवशी अख्ख्या सौंसर तहसिलीत खऱ्या अर्थाने स्वतंत्र झालेला एकच माणूस मला माहीत आहे, आणि तो म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. बाकीच्यांनी झेंडा लावला, भाषण ऐकता ऐकता पावसात भिजले आणि घरी जाऊन भजी खाल्ली. आमचे भाऊजी मोहगावच्या शाळेपुढचे झेंडावंदन अर्धे टाकून, करंजाच्या रोपांची टोपली डोक्यावर घेऊन थेट शेतात गेले आणि दिवस मावळेपर्यंत बांधावर खड्डे खणत बसले. संध्याकाळी चिखलाने माखलेले ते घरी आले तेव्हा मी विचारले, "भाऊजी, आजच्या दिवशी हे काय?" तर म्हणाले, "मास्तर, इंग्रज गेला ना? आता त्याच्यामागं त्याचं तेलही जाईन. मंग माहं इंजिन काय पेईन? तुमचं भाषण?"

हे इंजिन म्हणजे भाऊजींच्या आयुष्यातले पहिले प्रेम. माझी ताई दुसरी, आणि हे ती स्वतःच सांगत असे. लढाईच्या दिवसांत नागपूरच्या एका लिलावात त्यांनी ते घेतले, छोट्या रेल्वेने सौंसरपर्यंत आणले आणि तिथून बैलगाडीवर घालून, वाटेत प्रत्येक ओळखीच्या माणसाला हात लावू देत, मोहगावच्या शिवारातल्या आपल्या संत्र्याच्या बागेत नेले. विहिरीवर टिनाचे छप्पर टाकून त्याला बसवले. पण ते दिवस कंट्रोलचे. इंजिनाचे तेल मिळायचे परवान्यावर, आणि परवाना मिळायचा नशिबावर. त्यामुळे इंजिन चालण्यापेक्षा उभेच जास्त राही. त्याच्या मोठ्या चाकामागे ताईच्या कोंबडीने आपले अंडी घालायचे ठिकाण केले होते, आणि त्या दिवसांत त्या छपराखाली खरे काम ती कोंबडीच करीत होती असे म्हणायला हरकत नाही. भाऊजींना हे फार लागे. ते इंजिनापाशी उकिडवे बसत आणि मला समजावत, "बैल शेतातला कडबा खाते आन शेतात राबते. मंग इंजिनानंच काऊन समुद्रापलीकडचं प्यावं? ज्याचं काम त्याच्याच वावरात त्याचा चारा पाहिजे. मी इंजिनाचा चारा पेरून राहिलो." करंजाच्या बियांतून तेल निघते, ते दिव्यात जळते, मग इंजिनात का जळू नये, एवढा साधा हिशेब. पण एवढ्या साध्या हिशेबापायी माणूस किती वेडा होऊ शकतो, ते बघायला भाऊजींच्या घरी राहावे लागे.

करंज फळावर यायला वर्षे लागतात. तेवढी वर्षे भाऊजींनी लोकांच्या झाडांवर काढली. नाल्याकाठचा, सडकेकाठचा, देवळामागचा, कोणताही करंज त्यांच्या नजरेतून सुटत नसे. आमची छोटी रेल्वे लोधीखेड्याच्या अलीकडे चढावर इतकी हळू चाले, की भाऊजी खाली उतरत, रुळाशेजारच्या झाडाखालच्या शेंगा उपरण्यात गोळा करीत आणि धावत येऊन मागचा डबा पकडीत. एकदा गाडीने दगा दिला आणि जरा वेग घेतला. भाऊजी पुढच्या स्टेशनापर्यंत चालत आले, उपरणे गच्च भरलेले, आणि उलट मलाच म्हणाले, "बरं झालं, पुढं आनखी दोन झाडं होती." लग्नाला गेले तर आहेरात करंजाची रोपे देत. माझ्याच लग्नात, सगळे भांडी आणि लुगडी देत असताना, माझ्या सासऱ्यांच्या हातात त्यांनी ओल्या मातीत गुंडाळलेल्या रोपांची एक जुडी ठेवली. सासरे पांढुर्ण्याचे कापडाचे व्यापारी. ते ती आयुष्यभर विसरले नाहीत. दिवाळीला भाऊजी आमच्याकडे सौंसरला आले की खिशातल्या बिया माझ्या शाळेच्या कुंपणाशी पेरून जात. हेडमास्तरांनी विचारले, तर मी म्हणे, "सरकारी योजना आहे." त्या दिवसांत सगळ्याच गोष्टी सरकारी योजना असत, त्यामुळे कोणी पुढे विचारत नसे.

मग तेल गाळण्याचा प्रश्न आला. गावातल्या तेल्याने हात जोडले. जवस आणि तिळाच्या घाण्यात करंज घातला तर घाणा कडू होतो आणि मग महिनाभर त्यातून खाण्याचे तेल काढता येत नाही. भाऊजींनी स्वतःचा लाकडी घाणा बसवला आणि जुना बैल त्याला जुंपला. त्या दिवसापासून त्या घराला एक वास लागला. करंजाच्या तेलाचा वास ज्याने घेतला नाही त्याला तो सांगता येत नाही, आणि ज्याने घेतला त्याला सांगावा लागत नाही. भाऊजींच्या धोतराला, मिशांना, पानाच्या डब्याला, ताईच्या भाकरीला, सगळ्याला तो कडू वास. ताई म्हणे, "देवाले उदबत्ती लावली तं तिलाही करंजाचाच वास येते. देवालेही आता सवय झाली असंन."

आणि शेजारी नानाजी होते. त्यांची बाग भाऊजींच्या बागेला लागून, मधे एक सामाईक बांध. नानाजी वयाने भाऊजींएवढेच. संत्र्यांची निगा अशी ठेवीत, की एखाद्या झाडाला पान पिवळे आले तर घरी जेवत नसत. त्यांची जीभ मात्र तिखट. दररोज सकाळी ते बांधावर येत आणि भाऊजींच्या शास्त्राची तपासणी करीत. घाणा फिरताना पाहून ते म्हणाले होते, "वा भाऊ! बैल तेल काढते इंजिनासाठी, इंजिन पानी काढते बैलासाठी. आन तुम्ही दोघायचे नोकर!" भाऊजी म्हणाले, "नानाजी, तुम्ही तं बिनबैलाचेच नोकर हाये. नागपूरच्या तेलवाल्याचे." अशी रोज एक फैर झडे. मग दोघे एकाच तांब्यातून पाणी पीत आणि आपापल्या बागेत जात. सामाईक बांधावरही भाऊजींनी करंज लावले, तेव्हा नानाजींनी आठ दिवस शिव्या दिल्या आणि नवव्या दिवशी एका रोपाला गुरांनी खाऊ नये म्हणून काट्यांचे कुंपण घातले. अशी ती दोस्ती.

पहिल्यांदा इंजिन करंजावर चालले तो दिवस मला अजून आठवतो. सारे शिवार जमले होते. भाऊजींनी आंघोळ करून, नारळ फोडून, चाकाला हात घातला. इंजिन खोकले, थांबले, पुन्हा खोकले आणि मग असा काळा धूर सोडला, की नानाजी पागोटे तोंडाला लावून ओरडले, "अरे, कोन कडू भजी तळून राहिलं!" पण पाणी आले. पाटातून फेसाळत आले, आणि भाऊजी धोतर वर खोचून त्या पाण्यात उभे राहिले, पहिल्या नातवाला हातात घेताना माणूस करतो तसा चेहरा करून. हळूहळू त्यांनी इंजिनाच्या खोड्या ओळखल्या. करंजाचे तेल जाड. सुरुवातीला इंजिनाला थोडे मातीचे तेल, म्हणजे रॉकेल, पाजून गरम करायचे, मग करंजावर टाकायचे, आणि बंद करण्याआधी पुन्हा घोटभर मातीचे तेल पाजायचे. ते नाही पाजले, तर थंड झाल्यावर करंजाचे तेल आतल्या नळ्यांत डिंकासारखे बसते आणि इंजिन जागचे हलत नाही. भाऊजी याला 'चूळ भरवणे' म्हणत. "जेवलं की चूळ भरा लागते. आपल्याले लागते, इंजिनाले नाही लागत?" म्हणून ताईच्या फळीवर मातीच्या तेलाची एक बाटली राखीव असे, आणि तिला हात लावायची घरात कोणाची छाती नव्हती.

आता इंजिन शेतातले खाऊ लागले म्हटल्यावर भाऊजींच्या मते ते बैलच झाले. आणि एकदा बैल ठरले, की त्याला बैलाचे सगळे मान! पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्याकडे बैलांचे खांदे हळद-लोण्याने शेकतात आणि त्यांच्या कानात सांगतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. भाऊजींनी इंजिनाच्या चाकाला लोणी चोळले आणि तेल ओतायच्या भोकाशी तोंड नेऊन गंभीरपणे आवतण दिले. दुसऱ्या दिवशी इंजिनाचे ते मोठे चाक काढून, झूल घालून, बाशिंग बांधून, बैलगाडीवरून गावच्या तोरणाखाली आणले! पाटील खवळले. "हे काय जनावर हाये?" पोळ्यात बैलांपुढे म्हणतात तशी आपली झडती भाऊजींनी तिथेच ठोकून दिली:

"ना शिंगं, ना शेपूट, ना गोठ्यात ठान,
करंजाचं तेल पेऊन भिजवते रान!"

लोकांनी एवढ्या जोराने हर हर महादेव केले, की पाटलांचे बैल बुजून तोरण तोडून पळाले. नानाजी हसून हसून जमिनीवर बसले. आणि अमावस्या! आपल्याकडे अमावस्येला बैल जुंपत नाहीत. भाऊजींनी तोच नियम इंजिनाला लावला. अमावस्या आली की आदल्या संध्याकाळी इंजिनाला चूळ भरवायची, बंद करायचे, वर गोणपाट घालायचे आणि दिवसभर त्याला हात लावायचा नाही. मी म्हणे, "भाऊजी, ते लोखंड आहे." ते म्हणत, "राबते ना? मंग त्याले सुटी पाहिजे. मास्तर, तुमाले रविवार कोन्या हिशोबानं भेटते? तुम्ही तं राबतही नाही."

आतापर्यंत हसलो, ते बरे झाले. पुढे हसण्यासारखे फारसे नाही.

बांधावरचे करंज शेंगांनी लगडले त्याच वर्षी राज्यांची फेरमांडणी झाली. आमचे गाव होते तिथेच राहिले. आमच्या राज्याचे नावही तेच राहिले. त्यातून नागपूर तेवढे काढून घेतले, एखाद्याच्या घरातून चूल काढून न्यावी आणि दारावरची पाटी तशीच ठेवावी तसे. आमच्या सोयरिकी, बाजार, दवाखाने, कोर्ट, शिव्या सगळे नागपूरचे. आता राजधानी भोपाळला, जिथे आमच्यापैकी कोणी गेले नव्हते आणि जायचे कसे हेही कोणाला माहीत नव्हते. मला शाळेत मुलांना नवा नकाशा शिकवावा लागला. मी काठीने रेघ दाखवी आणि मुले विचारत, "मास्तर, मंग आमचे मामा आता दुसऱ्या राज्यात का?" काय सांगणार? होय म्हणे आणि पुढचा धडा घेई. सगळ्यात वाईट झाले तेलाचे. नागपूरचा तेलवाला म्हणाला, तुमची तहसील आता आमच्या वाट्यात नाही. जिल्ह्याच्या गावी, छिंदवाड्याला गेलो, तर तिथे म्हणाले, तुमच्या तेलाचा हुकूम अजून यायचा आहे. हुकूम कोठून यायचा हेही त्यांना ठाऊक नव्हते. इंजिनाचे तेल बंद, मातीचे तेलही बाजारातून नाहीसे झाले. सारी इंजिने शिवारात मुकाट उभी राहिली.

आणि हे नेमके आंबिया बहाराच्या तोंडावर. संत्र्याला हिवाळ्यात आधी पाणी तोडून ताण देतात, पाने मलूल होतात, झाड घाबरते, आणि मग पाणी सोडले की सारी फुले एकदम बाहेर पडतात. ताण देऊन झाला होता. आता पाणी मिळाले नाही, तर फुले गळणार आणि बागवानाचे वर्ष गेले. आणि सबंध शिवारात पाणी काढू शकणारे एकच इंजिन होते. भाऊजींचे.

त्या दिवसांतले भाऊजी मी विसरू शकत नाही. मिशांना तूप लावून फिरत. ज्यांनी त्यांना दहा वर्षे वेडा म्हटले, ते सकाळीच त्यांच्या बांधावर उभे राहत. ते कोणाला टोमणा मारीत नसत, आणि त्याचेच लोकांना जास्त वाईट वाटे. सगळ्यांना पाणी पुरणे शक्य नव्हते. पण नानाजींची बाग शेजारी, पाट जोडून देता येण्यासारखा. भाऊजी स्वतः फावडे घेऊन गेले आणि बांध फोडून पाट त्यांच्या बागेत वळवला. नानाजींनी ओंजळीत पाणी घेऊन हुंगले. मग म्हणाले, "पान्याले कडू वास येऊन राहिला, भाऊ." भाऊजी म्हणाले, "संत्रे कडू लागले तं मले आनून द्या." फुले आली. दोन्ही बागांत अशी फुले आली, की सकाळी त्या बाजूने चालताना करंजाचाही वास विसरायला होई.

याच वेळी नानाजींची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. तिची खोली अंधारी, आणि करंजाच्या तेलाचा दिवा लावला तर धुराने बाळ-बाळंतीण दोघे गुदमरतील. कंदिलाला मातीचे तेल कोठून आणायचे? नानाजींच्या बायकोने त्यांना न सांगताच ताईला येऊन विचारले. ताईने भाऊजींकडे पाहिले. भाऊजी उठले, फळीवरची ती बाटली काढली आणि देऊन टाकली. ताई एवढेच म्हणाली, "आता इंजिनाले चूळ?" भाऊजी म्हणाले, "आता ते बंदच करत नाही. बहार टिकेपर्यंत चालू द्या. तेल भेटलं की पाहू." आणि खरेच, इंजिन दिवसरात्र चालू राहिले. भाऊजी त्याच्याशेजारीच घोंगडे टाकून पडत. त्याचा आवाज जरा बदलला तरी जागे होत.

असे सगळे चालले असताना अमावस्या जवळ आली. पौषातली, कडक थंडीची. मी सुटीचा आलो होतो. संध्याकाळी आम्ही छपराशी बसलो होतो, दोन-चार बागवान होते, नानाजीही होते. घरी नात झाली म्हणून ते खुशीत होते आणि खुशीत आले की त्यांची जीभ सुटे. ते मोठ्याने म्हणाले, "काऊन भाऊ, उद्या आमोशा नाही का? बैल सोडसान ना?" लोक हसले. भाऊजी चालत्या चाकाकडे पाहू लागले. नानाजींना वाटले, नेम बसला. "म्हंजे दहा वर्षं नाटकच होतं मतलब! पोळ्यात मिरवाले बैल, आन गरज पडली की लोखंड! बिचाऱ्याच्या कानात आवतन देल्लं होतं ना जी तुम्ही?" लोक आणखी हसले. नानाजींच्या मनात काही नव्हते, हे मी शपथेवर सांगतो. रोजच्यासारखी एक फैर झाडली त्यांनी. पण भाऊजींचा चेहरा मी पाहिला. आयुष्यभर ज्या माणसाला लोकांनी नाटकी म्हटले, त्याला त्या दिवशी पहिल्यांदा ते खरे वाटले असावे. ते उठले आणि म्हणाले, "सोडतो ना. काऊन नाही सोडनार?"

सगळे गेल्यावर ताई धावत आली. "अवो, डोकं फिरलं का तुमचं? बाटली नाही घरात. हे थंडीचे दिवस. आज बंद केलं तं परवा चालू होईन का? दोन बागा हायेत त्याच्यावर." मीही सांगितले. भाऊजी चूल पेटवून करंजाचे तेल गरम करीत होते. म्हणाले, "गरम तेलानं चूळ भरवतो. पातळ तेल हाये, बसनार नाही आत." "आन बसलं तं?" ताई म्हणाली. त्यांनी कढई खाली उतरवली आणि म्हणाले, "मंग आतापर्यंत जे बोललो ते काय होतं?" त्यांनी ते गरम तेल इंजिनाला पाजले, चाक थांबवले आणि वर गोणपाट घातले. इतके दिवस चाललेला तो आवाज थांबला, तेव्हा ऐन संध्याकाळी सारे शिवार एकाएकी रिकामे झाल्यासारखे वाटले.

अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गवतावर दहिवर पडलेले. भाऊजींनी गोणपाट काढले, हळदकुंकू लावले आणि चाकाला हात घातला. चाक हलले नाही. त्यांनी खाली जाळ केला, गरम पाणी ओतले. मी आणि गडी दोघे मिळून लटकलो. चाक हलले नाही. भाऊजी त्याच्या कानात, म्हणजे त्या भोकाशी, काहीतरी बोलले. आम्ही तोंड फिरवले. नागपूरच्या मिस्त्रीला निरोप धाडला. तो आला तेव्हा दोन्ही बागांत झाडांखाली पांढरा सडा पडला होता. विहिरीवर जुनी मोट बसवून बैलांनी जेवढे पाणी काढता आले तेवढे काढले, ते पहिल्या दोन ओळींनाही पुरले नाही. मिस्त्रीने इंजिन खोलले, आतली नळी बाहेर काढली आणि बोटाने तो काळा डिंक खरवडत विचारले, "हे काय पाजत होते तुम्ही?"

नानाजी आले ते त्याच वेळी. दोन्ही हातांत गळलेली फुले होती. त्यांनी ती इंजिनावर टाकली. "तुमच्या झाडायनं माहा बहार खाल्ला," ते म्हणाले. "मी पाया पडलो होतो का तुमच्या, का मले पानी द्या म्हनून? देल्लं तं पुरं द्या लागत होतं. येड्याच्या नादी लागलो, चूक माही." माझ्या तोंडाशी आले होते की नानाजी, अमावस्येचे कोणी काढले? ती बाटली कोणाच्या घरी गेली? भाऊजींनी माझे मनगट असे धरले, की दुखले. नानाजी गेल्यावर मी चिडून म्हणालो, "का नाही बोलू दिले?" भाऊजी म्हणाले, "त्याच्या घरी बाळंतीन हाये. त्याले आज हे समजलं, तं तो घरी जाऊन काय करीन? त्या कंदिलाकडं पाहून रडत बशीन. बहार गेला. त्याच्यामागं मानूस कायले घालवतो?"

पण माणूस गेलाच. उन्हाळ्यात नानाजींनी सामाईक बांधावरचे सगळे करंज तोडले. त्यांचा हक्क होता अर्धा, त्यांनी पूर्ण वापरला. आपण काट्यांचे कुंपण घातलेले झाड सगळ्यात आधी तोडले. भाऊजी आपल्या छपरात बसून कुऱ्हाडीचे आवाज ऐकत होते. शेवटचे झाड पडल्यावर त्यांनी गड्याबरोबर निरोप धाडला, "सांग त्याले, करंज चुलीत घालू नका म्हनावं, धूर डोळ्याले लागते. गाडीच्या चाकाले चांगलं लाकूड हाये." त्या वर्षी नानाजींच्या घरचा धूर मात्र कडू येत होता, असे ताई सांगे.

पुढे छिंदवाड्याकडून तेल येऊ लागले. हुकूम कोठून तरी आला असावा. मग तर पांढुर्ण्याच्या सडकेवर पंप झाला, तेल हवे तेवढे मिळू लागले, आणि सगळी इंजिने धडधडू लागली. भाऊजींचेही दुरुस्त झाले. ते आता बाजारचे तेल प्यायला लागले आणि भाऊजींनी त्याच्याशी बोलणे बंद केले. पोळ्याला चाक काढले नाही. मी एकदा आठवण केली, तर म्हणाले, "ते आता नोकर हाये मास्तर, सरकारी तेलाचं. त्याले कायचं आवतन?" घाणा पावसात कुजला. करंज मात्र वाढतच राहिले, कोणाच्या परवानगीशिवाय. दरवर्षी शेंगा खाली पडून काळ्या होत, आणि ज्या माणसाने एकेकाळी शेंगांसाठी धावती गाडी सोडली, तो त्यांच्यावरून चपला वाजवीत चालत जाई. दोघा शेजाऱ्यांत बोलणे नव्हते. बाजारात समोर आले, तर दोघेही संत्र्यांचे भाव विचारायला कोणत्यातरी गाडीकडे वळत, आणि कधी कधी ती गाडी एकच निघे.

अशी बरीच वर्षे गेली. माझे केस पिकले, भाऊजींचे गळले. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडी मी मोहगावला गेलो होतो. भाऊजी विहिरीजवळच्या मोठ्या करंजाखाली खाटेवर पडले होते. करंज फुलला होता, त्याची ती बारीक, फिकट जांभळी फुले लाह्यांसारखी सारखी टपटपत होती. ताई डाळ निवडत होती. एवढ्यात पाटावरून काठी टेकत कोणीतरी आले. नानाजी. हातात पितळेची वाटी. ते खाटेपासून चार हात दूर उभे राहिले आणि भाऊजींकडे न बघता ताईला म्हणाले, "वहिनी, घरात करंजाचं तेल असंन का थोडंसं? माह्या धवळ्या बैलाच्या खांद्याले जखम झाली. दवाखान्यातल्या मलमानं जमून नाही राहिलं."

ताईने भाऊजींकडे पाहिले. मला वाटले, आता इतक्या वर्षांचे काहीतरी बाहेर पडणार. भाऊजी उठले. आत गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. ते तेल त्यांच्याकडे अजून होते, हे ताईलाही माहीत नव्हते. आले तेव्हा हातात काळी पडलेली बरणी होती. त्यांनी वाटी काठोकाठ भरली. थोडे नानाजींच्या बोटांवर सांडले. नानाजींनी ते पुसले नाही. परत जायला वळले आणि थांबले.

"आंबिया," ते जमिनीकडे पाहत म्हणाले, "यंदा चांगला धरला."

"हो का," भाऊजी म्हणाले.

"बोराएवढे झाले. गळ नाही."

भाऊजी खाटेच्या एका कडेला सरकले. नानाजींनी वाटी जपून खाली ठेवली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर बसले. दोघेही नानाजींच्या बागेकडे पाहत राहिले. ताई डाळ तशीच टाकून चहा ठेवायला उठली. फुले टपटपत होती, नानाजींच्या पागोट्यावर, भाऊजींच्या टकलावर, तेलाच्या वाटीत. वाटीतली फुले काढायला म्हणून भाऊजी एकदा वाकले, आणि मग ती तशीच राहू दिली.